'तर' आणि 'तरच' मध्ये दरवेळी गडबड होतेय? क्रमाच्या कोड्यांत अटींचे नियम कुठे फसतात ते असं तपासा

आधी लक्षणं सांगते, कारण माझ्याकडे "ताई रिझनिंग जमत नाही" म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम अटींच्या नियमांचा नसतोच.

– "अ हा ब च्या आधी", "क आणि ड च्या मध्ये दोन जण" असले सरळ नियम पटापट लागतात, पण "अमुक असेल तर तमुक" आलं की हात थांबतो.
– सेटमधला, म्हणजे एका कोड्यावरच्या प्रश्नांतला, "खालीलपैकी कोणता क्रम चालेल" हा प्रश्न बरोबर येतो, "खालीलपैकी काय नक्की खरं" हा चुकतो.
– दोन पर्याय बरोबर वाटतात, नाहीतर एकही वाटत नाही.
– आकृती अर्धी भरल्यावर एकाच खुर्चीवर दोघं येऊन बसतात, मग सगळं खोडायचं.
– सोल्यूशन वाचताना लगेच "अरे हो की!" होतं, आणि दोन दिवसांनी नवीन कोड्यात तीच चूक.

शेवटचं लक्षण असेल तर जवळजवळ खात्रीच धरा. डोकं चालतंय पण नियम कागदावर उतरवताना वाकडा होतोय. आणि सरळ आधी-नंतरचे नियमही चुकत असतील, डावी-उजवी बाजू उलटी होत असेल, तर तो वेगळा आजार आहे, त्याला ही पोस्ट लागू नाही.

मी स्वतः बँकेच्या परीक्षा देऊन लागले आणि आता आठवड्यातून तीन संध्याकाळी पुण्यात पेठेतल्या एका अभ्यासिकेत शंका सोडवायला बसते. कोणी आलं की मी उत्तर विचारत नाही, रफ पान मागते, कारण चूक तिथे दिसते, उत्तरपत्रिकेत नाही. गेल्या काही वर्षांत ही एकच चूक इतक्या रफ पानांवर बघितलीय की आता कोडं न वाचताही कुठे घसरलं असेल ते कळतं.

प्रत्येक तपासणी एकाच कोड्यावर करू म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. सोसायटीच्या गणपतीत एका रात्री सात कार्यक्रम, एकामागून एक, एका वेळी एकच: गाणं, तबला, नाटुकली, पोवाडा, भारूड, मिमिक्री, लावणी. पहिली अक्षरं वेगवेगळी आहेत, ग त न प भ म ल. नियम:

१. पोवाडा लावणीच्या आधी होईल.
२. भारूड तिसरं असेल तर तबला पहिला असेल.
३. गाणं नाटुकलीच्या आधी असेल तर नाटुकली लावणीच्या आधी असेल.
४. मिमिक्री शेवटची असेल तरच पोवाडा पहिला असेल.
५. तबला दुसरा नसेल तर मिमिक्री चौथी असेल.

पुढे वाचण्याआधी हे पाच नियम तुमच्या पद्धतीने एका कागदावर उतरवून ठेवा, खरंच लिहा, मनात नको. तोच कागद आपण तपासणार आहोत.

पहिली तपासणी, फुकट आणि दहा सेकंदांची: नियम आकृतीत घुसलाय का

तुमच्या कागदावर १ ते ७ चे रकाने असतील. पहिल्या रकान्यात त किंवा तिसऱ्यात भ लिहिलंय का? लिहिलं असेल तर इथेच थांबा, चूक सापडली. एक मुलगी आली होती, हुशार, गणित कडक. तिने नियम दोन वाचून पहिल्या रकान्यात पेनने त, तिसऱ्यात भ असं लिहून वर चौकोन केला होता आणि त्याच्यावर पाचही प्रश्न सोडवले होते. तिचं म्हणणं, "पण दिलंय ना ताई!" काय दिलंय? भारूड तिसरं आहे असं कोणीच म्हटलेलं नाही. फक्त एवढंच की भारूड तिसरं आलंच तर तबल्याचं काय करायचं ते सांगून ठेवलंय.

पाचातला फक्त नियम १ हा विनाअट आहे, म्हणून तोच आकृतीच्या जवळ लिहायचा. बाकी चार बाजूला, वेगळ्या कोपऱ्यात. हे महत्त्वाचं अशासाठी की आकृतीत एकदा लिहिलेली गोष्ट आपण पुन्हा तपासत नाही, डोळे तिला पक्कं धरतात, आणि मग त्या एका चुकीवर अख्खा सेट जातो.

दुसरी तपासणी: 'तर', 'तरच' आणि 'नसेल तर' खाली रेघ मारलीय का

वीस सेकंद लागतील. हसू येईल पण करा. मराठीत हा सगळा खेळ एका 'च' वर आहे आणि वेगात वाचताना 'च' गिळला जातो.

'तर' असेल तेव्हा 'तर' च्या आधीचं डावीकडे, नंतरचं उजवीकडे, मध्ये बाण: डावं घडलं की उजवं घडणारच. भ तिसरं → त पहिला. सरळ आहे.

'तरच' आलं की बाण फिरतो. नियम ४ बघा: मिमिक्री शेवटची असेल तरच पोवाडा पहिला. बहुतेक जण लिहितात म शेवटी → प पहिला. चूक. आई म्हणते "अभ्यास झाला तरच खेळायला जायचं". आता पोरगं खाली खेळताना दिसलं तर आपण काय समजतो? अभ्यास झालेला असणार. पण अभ्यास झाला म्हणून पोरगं खाली दिसेलच असं नाही, पाहुणे आलेत, पाऊस पडतोय, आईचा मूड गेलाय, काहीही. आईने खेळायला पाठवायचं वचन दिलेलंच नाही, फक्त अट घातलीय. म्हणून नियम ४ चा बाण: प पहिला → म शेवटी. ज्या गोष्टीवर अट घातलीय ती डावीकडे, आणि 'तरच' च्या आधीचं सगळं उजवीकडे.

इंग्रजी पेपर असेल तर 'इफ' आणि 'ओन्ली इफ' मध्ये हेच होतं. 'ओन्ली इफ' च्या पाठोपाठ जे येतं ते उजवीकडे, मग ते वाक्याच्या सुरुवातीला असो की शेवटी. आणि 'इफ अँड ओन्ली इफ' असेल तेव्हाच, फक्त तेव्हाच, दोन तोंडांचा बाण.

तिसरी तपासणी: बाण उलटा वाचताय का

ही मुख्य. दहातल्या सात-आठ पानांवर हाच दोष असतो असं माझ्या अनुभवावरून म्हणते, मोजलेलं नाही. तबला पहिला दिसला की विद्यार्थी लगेच भारूड तिसऱ्या जागी टाकतो. नियम २ असं काही म्हणत नाही. तबला पहिला असून भारूड दुसरं चालतं का? हा क्रम घ्या: त भ प म ल न ग. पोवाडा लावणीच्या आधी, आहे. भारूड तिसरं नाही, नियम २ चा विषयच नाही. गाणं नाटुकलीच्या नंतर, नियम ३ चा विषय नाही. पोवाडा पहिला नाही, नियम ४ पण गप्प. तबला दुसरा नाही, मिमिक्री चौथी हवी, आहे. म्हणजे चालतो.

असं उलटं का वाचलं जातं, त्याचं कारण मूर्खपणा नाही. रोजच्या बोलण्यात आपण 'तर' म्हणतो तेव्हा बहुतेकदा 'तरच' च म्हणायचं असतं. "पाऊस आला तर मॅच रद्द" म्हटलं की आपण धरून चालतो, पाऊस नाही तर मॅच आहे. आणि बोलताना हे बरोबरच आहे. परीक्षा मात्र शब्दाला धरून बसते, सावकारासारखी.

यात आपण एकटे नाही. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये चार कार्डांचं एक कोडं मांडलं. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक. समोर चार कार्डं: एक स्वर, एक व्यंजन, एक सम अंक, एक विषम अंक. नियम पाळलाय का बघायला कुठली कार्डं उलटायची? बरेच लोक स्वर आणि सम अंक उलटतात. बरोबर उत्तर स्वर आणि विषम. सम अंकाच्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही.

तोच नियम ओळखीच्या कपड्यात घाला, मग चुकत नाही. महाराष्ट्रात व्हिस्की, रमसारख्या कडक दारूला वय २५ लागतं. तपासणीला आलेला माणूस कोणाकडे बघेल? ज्याच्या ग्लासात व्हिस्की आहे त्याचं वय विचारेल, आणि जो विशीतला वाटतोय त्याच्या ग्लासात काय आहे ते बघेल. कोपऱ्यातल्या साठीच्या काकांच्या ग्लासात डोकावणार नाही, ते लिंबू सरबत पीत असतील नाहीतर रम, कायद्याला काय फरक पडतो! पहिल्या नंबरवरचा तबला म्हणजे ते साठीचे काका. त्याच्यावरून भारुडाबद्दल काहीही कळत नाही.

चौथी तपासणी: प्रत्येक बाणाखाली दुसरी ओळ आहे का

प्रत्येक अटीच्या नियमाची अजून एक बाजू असते आणि ती फुकट मिळते: दोन्ही बाजू नाकारायच्या आणि जागा बदलायच्या. दोन्ही कामं, एक नाही. फक्त जागा बदलली तर तिसऱ्या तपासणीतली चूक, फक्त नाकारलं तरी तीच चूक दुसऱ्या दाराने.

आपल्याकडे यासाठी तयार म्हण आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणजे पोहऱ्यात पाणी दिसलं तर ते आडात आहेच. पण आडात पाणी आहे म्हणून पोहऱ्यात येईलच का? नाही, कोणी सोडायला हवा ना पोहरा. आणि पोहरा रिकामा आहे म्हणून आड आटला असंही नाही. चारही वाक्यं या एका म्हणीवर तपासता येतात, आणि परीक्षेत मी अजूनही मनात आड-पोहराच म्हणते. संस्कृत घेतलेल्यांना न्यायशास्त्रातला धूर आणि अग्नी आठवेल: जिथे धूर तिथे अग्नी, म्हणून जिथे अग्नी नाही, जसं तळ्यात, तिथे धूर नाही. पण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो, म्हणजे उलटा बाण गेला. हेच आहे, नावं वेगळी.

आता आपले नियम:

नियम २: भ तिसरं → त पहिला. खाली: त पहिला नाही → भ तिसरं नाही.
नियम ४: प पहिला → म शेवटी. खाली: म शेवटी नाही → प पहिला नाही.
नियम ५: त दुसरा नाही → म चौथी. खाली: म चौथी नाही → त दुसरा.
नियम ३: ग, न च्या आधी → न, ल च्या आधी. खाली: ल, न च्या आधी → न, ग च्या आधी.

नियम ३ नाकारताना "आधी नाही" चं "नंतर" केलं, कारण इथे दोन कार्यक्रम एकदम होत नाहीत. कोड्यात बरोबरी चालत असेल, म्हणजे दोघांना सारखे मार्क, दोघांची एकच वेळ, तर असं करता येत नाही. "लगेच आधी" नाकारलं की "लगेच नंतर" होत नाही हे तर मी भिंतीवर लिहून लावणार आहे. "पहिल्या तीनात" याचा नकार "शेवटच्या तीनात" नाही, सातात चौथी जागा पण असते. आणि "हे आणि ते" नाकारलं की "हे नाही किंवा ते नाही" होतं. इतकी ओळ वाचली तरी बऱ्याच चुका इथेच संपतील.

दुसरी ओळ लिहायचा कंटाळा येतो हे मला माहितीये. पण प्रश्न बहुतेकदा तिच्यावरच असतो, कारण पेपर काढणाऱ्यालाही माहितीये की तुम्हाला कंटाळा येतो.

पाचवी: 'नसेल तर' म्हणजे दोघांपैकी एकच, असं धरलंय का

छोटीच गोष्ट. नियम ५ वरून काही जण लिहितात, "तबला दुसरा किंवा मिमिक्री चौथी, दोन्ही एकदम नाही." शेवटचे शब्द तुमचे, पेपरचे नाहीत. दोन्ही एकदम चालतं: न त प म ल ग भ हा क्रम तपासून बघा, एकही नियम मोडत नाही. नियमाने फक्त एवढीच मनाई केलीय की दोन्ही नाहीत असं होऊ नये. इंग्रजीत 'अनलेस' आला की तिथे 'इफ नॉट' वाचा आणि पुढे चला.

सहावी: बाणाला बाण जोडलेत का

इथून काम जरा महाग होतं, मिनिटभर जाईल, पण वसूल होतो. एका नियमाची उजवी बाजू दुसऱ्याच्या डाव्या बाजूला जुळते का बघायचं. प पहिला → म शेवटी. म शेवटी म्हणजे म चौथी नाही. म चौथी नाही → त दुसरा. आणि त दुसरा म्हणजे त पहिला नाही → भ तिसरं नाही. म्हणजे "पोवाडा पहिला असेल तर" एवढं प्रश्नात आलं की तुम्ही न थांबता तीन गोष्टी लिहू शकता: दुसरा तबला, शेवटी मिमिक्री, तिसऱ्या जागी भारूड नाही.

दुसऱ्या टोकाने: भ तिसरं → त पहिला → म्हणजे त दुसरा नाही → म चौथी. "भारूड तिसरं असेल तर चौथं कोण?" या प्रश्नाला भारूड आणि मिमिक्री एकत्र आलेला एकही नियम नाही म्हणून मुलं "सांगता येत नाही" वर टिक करून मोकळी होतात. सांगता येतं की.

यातली गोम मधल्या सांध्यात आहे. "म शेवटी" आणि "म चौथी नाही" हे दोन वेगळे शब्द आहेत, ते जोडायला डोक्यात एक क्षण जावा लागतो की बाबा एक माणूस दोन जागी बसत नाही. साखळी तुटते ती बहुतेकदा तिथेच.

सातवी: दोन फांद्या काढल्या का

सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त चुकणारी. नियम ३ सारखा नियम, जिथे अटीतच क्रम आहे, तो नुसता बाण लिहून पुरत नाही. त्याला दोन शक्यतांत, म्हणजे दोन फांद्यांत, फोडायचं. गाणं आणि नाटुकली, दोघांत कोणीतरी आधी असणारच, तिसरी शक्यता नाही. म्हणून (मधली रेघ म्हणजे डावीकडचा आधी):

फांदी एक: ग – न – ल, आणि प – ल.
फांदी दोन: न – ग, आणि प – ल. लावणी मोकळी.

चूक कुठे होते सांगू? फांदी दोन काढतच नाहीत, कारण नियमात तिच्याबद्दल काही लिहिलेलंच नाही. किंवा काढतात आणि तिच्यात उगाच लावणी नाटुकलीच्या आधी टाकतात, म्हणजे "गाणं आधी नाही तर नाटुकली लावणीच्या आधी नाही" असं धरून. आड-पोहरा परत. फांदी दोनमध्ये लावणी त्या दोघांच्या आधी, मध्ये, नंतर, कुठेही, फक्त पोवाड्यानंतर.

पोवाडा पहिला घेऊन बघा. तबला दुसरा, मिमिक्री सातवी, उरल्या जागा ३ ते ६, उरले भ ग न ल. ग न ल यांचे आपसात सहा क्रम होतात, त्यातले ग ल न आणि ल ग न हे दोन नियम ३ मुळे बाद, चार राहिले. भारुडाला ४, ५, ६ पैकी कुठलीही जागा. चार गुणिले तीन, बारा क्रम. ज्यांनी फक्त फांदी एक काढली त्यांना बारापैकी तीनच दिसतात, आणि मग "काय नक्की खरं" मध्ये "नाटुकली लावणीच्या आधी" हा पर्याय एकदम गोड वाटतो. तो पेपर काढणाऱ्याने तुमच्यासाठीच ठेवलेला असतो.

आठवी, आठवडाभराची: चुकांची वही

वरचं सगळं करूनही चुकत असेल तर नवीन कोडी सोडवणं बंद करा. जुनीच वीस घ्या, अटींचे नियम असलेली. बँकांच्या प्रिलिम्सच्या पझलमध्ये माझ्या पाहण्यात सरळ नियमच जास्त येतात, अटीवाले कॅटच्या, म्हणजे एमबीए प्रवेशपरीक्षेच्या, एलआरडीआय (लॉजिकल रिझनिंग आणि डेटा इंटरप्रिटेशन) भागात जास्त भेटतात. सगळ्यात चांगला साठा मात्र अमेरिकेतल्या लॉ स्कूल प्रवेशाच्या एलसॅटच्या जुन्या पेपरांत आहे. तिथे ३५ मिनिटांत चार लॉजिक गेम्सचा वेगळा भाग असायचा, ऑगस्ट २०२४ पासून तो काढून टाकला, पण आपल्याला त्यांच्या वकिलीशी काय देणंघेणं, सराव तर आहे.

प्रत्येक चुकीपुढे फक्त तपासणीचा नंबर लिहा. दोन, तीन, तीन, सात, तीन. वीस कोड्यांनंतर एक नंबर सारखा दिसेल, तोच तुमचा. "सिली मिस्टेक" असं लिहायचं नाही. सिली मिस्टेक असा नंबर नाहीये.

कुठे थांबायचं

परीक्षेत: आयबीपीएस पीओच्या, म्हणजे बँक अधिकारी भरतीच्या, प्रिलिम्सला रिझनिंगचे ३५ प्रश्न २० मिनिटांत, म्हणजे पाच प्रश्नांच्या सेटला सरासरी तीन मिनिटंही नाहीत. दीड मिनिटात एकही जागा पक्की झाली नाही, किंवा फांद्या चारच्या वर गेल्या, तर सोडा. फक्त "कोणता क्रम चालेल" वाला प्रश्न असेल तर तो पर्याय काटत करून घ्या, त्याला आकृती लागत नाही: एकेक नियम घ्यायचा, डावी बाजू घडलीय का बघायची, घडली नसेल तर तो नियम त्या पर्यायाला लागूच नाही, पुढे. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, तर चुकीला एक तृतीयांश कापतात आणि पेपर २०१५ पासून नुसता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के, तिथे एका हट्टी कोड्यासाठी दहा मिनिटं घालवणाऱ्याचा मला खरंच राग येतो.

घरी: वहीत वीस कोडी झाली, नंबर कळला, त्यावर अजून दहा सोडवली आणि तरी तोच नंबर येतोय, तर स्वतः दुरुस्त करणं बंद करा आणि शिकवणाऱ्या कोणाच्या तरी शेजारी बसा. समोर नाही, शेजारी, आणि मोठ्याने बोलत एक कोडं सोडवा. तास-दोन तासांचं काम आहे. एवढ्यासाठी कोणी वर्षभराची बॅच विकत असेल तर घेऊ नका. कोड्यातच नाही तर पेपर वाचतानाही अक्षरं, ओळी उड्या मारत असतील तर आधी डोळे तपासा, आणि लहानपणापासून असंच असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करणारे तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे जा, सरावाने ते जाणार नाही. आणि घरी सगळं येतं पण हॉलमध्ये हात गार पडतात, झोप उडालीय, पोटात गोळा, तर तो या पोस्टचा विषयच नाही, समुपदेशकाशी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फोनवर बोलता येतं.

आता तुमच्या त्या कागदासाठी एक प्रश्न. लावणी नाटुकलीच्या आधी असेल तर पोवाडा जास्तीत जास्त कितवा येईल, आणि तेव्हा बाकीचे कुठे?

उत्तर: नियम ३ ची दुसरी ओळ लागली, म्हणून प – ल – न – ग, पोवाड्याच्या मागे तिघं, म्हणजे फार तर चौथा. चौथी जागा पोवाड्याने घेतली, मिमिक्री चौथी नाही, तबला दुसरा. तबला पहिला नाही, भारूड तिसरं नाही, उरली पहिली जागा. तिसरी मिमिक्री. भ त म प ल न ग, हा एकच क्रम. दुसरा कुठला आला असेल तर तिसऱ्या किंवा चौथ्या तपासणीवर परत जा.